स्वतःहून सांगितलेली चूक

बाभुळगाव तालुक्यात धरणाच्या काठी, माळावर बंजाऱ्यांचा जो नवा तांडा वसला आहे, त्याचे नायक रूपसिंग आडे हे होत. वय एकसष्ट, उंची बेताची, मिशा पांढऱ्या. चालताना ते दोन्ही हात पाठीशी बांधतात आणि समोरचा बोलू लागला की त्याच्या तोंडाकडे न पाहता त्याच्या पायांकडे पाहतात. माणूस खोटे बोलू लागला म्हणजे आधी त्याच्या पायाचा अंगठा हलतो, असे त्यांचे मत आहे.

त्यांचे वडील जुन्या तांड्याचे नायक होते. धरणाचे पाणी चढले आणि जुना तांडा त्याखाली गेला. घरांची कौले आणि दारे बैलगाड्यांवर लादून वर आणावी लागली. नव्या घरात वडिलांनी एक उन्हाळाही काढला नाही. तेव्हापासून सतरा वर्षे तांड्यातील भांडणे रूपसिंगांनी मिटवली. भांडण झाले की चार जाणती माणसे घेऊन ते लिंबाखाली बसत. त्या बैठकीला तांड्यात नसाब म्हणतात. सतरा वर्षांत तांड्यातील एकही भांडण पोलीस ठाण्यापर्यंत गेले नाही, याचा रूपसिंगांना अभिमान होता. तो अभिमान रास्त होता, हेही येथे सांगितले पाहिजे.

या नसाबाचा एक रिवाज होता. ज्याची चूक दुसऱ्याने उघडी पाडली, त्याला पूर्ण दंड होई. परंतु कोणी विचारण्याच्या आधी जो स्वतः पुढे येऊन “माझे चुकले” असे म्हणे, त्याने फक्त सर्व पंचांना आपल्या हाताने पाणी पाजायचे. पंच ते पाणी प्याले की गोष्ट मिटली. त्यानंतर त्या चुकीचा उच्चार जो करील, तोच उलटा दोषी ठरे. नेमसिंग पवार या रिवाजाचा सर्वांत जुना लाभार्थी होता. त्याचे बैल वर्षातून दोनदा तरी कोणाच्या तुरीत शिरत आणि तो दर वेळी भरलेली घागर घेऊनच नसाबापुढे हजर होई. “याले तहान लागली की हा बैल सोडते,” असे रूपसिंगांची बायको लालीबाई म्हणत असे. सर्व हसत, पाणी पीत आणि उठत.

रूपसिंगांना उज्ज्वला नावाची एकच मुलगी. ती चौदा वर्षांची असताना धरणावर म्हशी धुवायला जाई आणि म्हशींच्या आधी पलीकडच्या खडकापर्यंत पोहून येई. त्याच सुमारास बाभुळगावचे किसनराव गावंडे नौदलातून निवृत्त होऊन गावी परतले होते. नोकरीत असताना ते शिडाच्या फळीवर शर्यती खेळत. ही फळी माणसाच्या उंचीहून लांब असते. तिच्यावर एक शीड उभे केलेले असते आणि त्या शिडाचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरून, केवळ वाऱ्याच्या जोरावर ती पाण्यावरून चालवायची असते. या खेळाला विंडसर्फिंग म्हणतात. किसनरावांनी तीन जुन्या फळ्या आणल्या आणि धरणावर मुलांना शिकवायला सुरुवात केली. बाकीची मुले महिन्याभरात पांगली. उज्ज्वला राहिली.

“नायक, तुमची पोरगी वाऱ्याले पाठ देत नाही,” किसनराव एकदा म्हणाले. “तिले माह्याकडं राहू द्या.”

रूपसिंगांनी राहू दिले. तांड्यात बोलणारे बोलले. मुलगी अर्ध्या कपड्यांत पाण्यावर उभी राहते, हे एका म्हाताऱ्याने नसाबात काढले, तेव्हा रूपसिंगांनी त्याला विचारले, “तुम्ही कायले पाह्यले गेलते, काका?” तो विषय पुन्हा निघाला नाही.

नऊ वर्षे अशी गेली. उज्ज्वला तेवीस वर्षांची झाली आणि राज्याच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धेसाठी तिची निवड झाली. त्याच महिन्यात जिल्ह्यात वनरक्षकांच्या भरतीची जाहिरात निघाली. तीत खेळाडूंसाठी एक जागा राखीव होती. राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या तिघांत आल्याचे प्रमाणपत्र अर्जाला जोडणे आवश्यक होते. स्पर्धा संपल्यावर बारा दिवसांनी अर्जाची मुदत संपत होती. पुढची स्पर्धा वर्षभरानंतर आणि अशी जागा पुन्हा कधी निघेल याचा भरवसा नाही. तिसरा क्रमांक आला तर नोकरी, चौथा आला तर काहीच नाही, इतका तो सरळ मामला होता. घरातील तिघांनाही तो तोंडपाठ होता.

स्पर्धा गोव्याला होती. किसनराव म्हणाले की घरचे कोणी सोबत असलेले बरे. लालीबाईने धपाटे बांधून दिले, प्रवासात पाणी प्यायला पितळी गडवा दिला आणि नवऱ्याला बजावले, “तिथं जाऊन नायकी करू नका.”

रूपसिंगांनी समुद्र प्रथमच पाहिला. 

“याचा दुसरा काठ कुठं आहे, किसनराव?”

“अरबस्तानात.”

“मंग तिथल्या लोकांचा तांडा बुडाला नसन कधी,” रूपसिंग म्हणाले. धरणाच्या काठी राहणाऱ्या माणसाला पाणी पाहून हेच सुचायचे.

मुलींच्या गटात अकरा जणी होत्या. किसनरावांनी रूपसिंगांना वाळूत काडीने रेघा ओढून सर्व समजावून सांगितले. पाण्यात लाल रंगाचे मोठे बोये तरंगत ठेवलेले असतात. त्यांना ठरलेल्या क्रमाने वळसा घालून परत यायचे. पहिलीला एक गुण, दुसरीला दोन, असे करत जिचे गुण सर्वांत कमी ती विजयी. चार दिवसांत आठ फेऱ्या ठरलेल्या होत्या. सहा फेऱ्या पूर्ण झाल्या की प्रत्येकीची सर्वांत वाईट एक फेरी सोडून द्यायची. सहापेक्षा कमी झाल्या तर मात्र सर्व धरायच्या. रूपसिंग हे एकदाच ऐकून शिकले. निवाडे लक्षात ठेवणाऱ्या माणसाला हे कठीण नव्हते.

पहिले दोन दिवस वारा चांगला होता. तिसऱ्या दिवशी तो सकाळी उशिरा आला आणि फक्त एक फेरी झाली. ती पाचवी फेरी. फलकावर कागद लागला तेव्हा उज्ज्वला एकूण गुणांत तिसरी होती. चौथ्या क्रमांकावर पुण्याची अर्पिता नावाची मुलगी होती आणि ती तीन गुणांनी मागे होती.

“उद्या फक्त सांभाळून चालव,” किसनराव म्हणाले. “अंगावर घेऊ नको कोणाले.” आणि शिडाच्या काठीचा एक जोड ढिला झाला होता तो दुरुस्त करून आणण्यासाठी ते गावात निघून गेले.

दुपारची तीन-साडेतीनची वेळ असेल. किनाऱ्यावरच्या मांडवात खेळाडूंचे जेवण चालू होते. रूपसिंग मुलीसमोर बसले होते. उज्ज्वला भाताचे घास करीत होती आणि ताटातच ठेवत होती. चार घास झाले, पाच झाले. रूपसिंगांनी सवयीने टेबलाखाली तिच्या पायांकडे पाहिले.

“छोरी, काय झालं?”

“काई नाही, बापू.”

“मी काई कालचा नायक नोहे. बोल.”

तिने आजूबाजूच्या टेबलांकडे पाहिले. मग तिने आवाज खाली आणून सांगितले, “आज दुसऱ्या बोयापाशी वळताना शिडाचं टोक बोयाले लागलं. जरासंच. पण मले हाताले समजलं.”

“लागलं तं काय होते?”

“चूक होते. तिथल्या तिथं फळी एकदा पुरी गोल फिरवा लागते. मंग चूक मिटते. पण मागून तिघी जणी आल्या होत्या. फिरवली असती तं तिघी पुढं गेल्या असत्या. मी मनाले म्हणलं, लागलंच नसन.”

“कोनं पाह्यलं?”

“कोनीच नाही. कोनी तक्रार बी केली नाही. तक्रारीची मुदत आहे, आता अर्धा तास राह्यला.”

रूपसिंगांनी मान वळवली. मांडवाच्या टोकाला एक वेगळा तंबू होता. त्यात एक टेबल होते आणि टेबलामागे दोन पुरुष व एक बाई असे तीन पंच बसले होते. पुढे एक रिकामी खुर्ची होती. रूपसिंगांना ते दृश्य परके वाटले नाही. या सबंध किनाऱ्यावर पूर्ण ओळखीची वाटावी अशी ती एकच जागा होती.

“जाय अन् सांगून दे,” ते म्हणाले.

“सर येऊ द्या. सरांले विचारते.”

“चूक तुही. त्यात सराले कायले विचारतं?”

“बापू, पुरी फेरी काढून टाकतीन. फेरी गेली तं शेवटच्या नंबराहून एक जास्त, बारा गुण पडतीन.”

“ते पकडलेल्याले. जो आपल्या तोंडानं सांगते, त्याले कोणताच पंच बुडवत नसते. सतरा वर्ष मी त्या जागी बसलो. मले शिकवतं काय?”

उज्ज्वलाने वडिलांकडे पाहिले. नियमांचे पुस्तक तिने दोन वेळा वाचले होते, आणि त्या पुस्तकात काय लिहिले आहे हे तिला माहीत होते. परंतु लिंबाखाली नेमसिंगापासून ते स्वतःच्या सख्ख्या मामापर्यंत किती जण मान खाली घालून आले आणि पाणी पाजून मान वर करून गेले, हेही तिने लहानपणापासून पाहिले होते. पुस्तक छापणारी माणसे तिने पाहिलेली नव्हती. वडील समोर बसले होते. ती उठली.

रूपसिंग तिच्या मागोमाग निघाले. वाटेत पाण्याच्या मोठ्या डब्यापाशी ते थांबले. पिशवीतून पितळी गडवा काढून त्यांनी विसळला, भरला, कागदी पेले घेतले आणि तंबूपाशी गेले. दारावर गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरुण उभा होता.

“काका, तुम्हाला आत जाता येणार नाही. फक्त खेळाडू.”

“मी बाप आहो तिचा.”

“तरी बाहेर थांबावं लागेल.”

सतरा वर्षे जो मनुष्य नसाबाच्या मधोमध बसला, तो हातात गडवा घेऊन तंबूच्या दोरीपाशी उन्हात उभा राहिला. त्याचे त्यांना वाईट वाटले नाही. परक्या तांड्यात परक्या नायकाचा मान राखायचा असतो, हे ते जाणून होते. आतले बोलणे इंग्रजीत आणि हिंदीत चालले होते. उज्ज्वलाने हाताने बोया दाखवला, शीड दाखवले. एका पंचाने कागदावर लाल बोया काढून तिच्यापुढे सरकवला. तिने त्यावर बोट ठेवले. बाई काही विचारीत होत्या आणि उज्ज्वला मान हलवून होकार देत होती.

दहा मिनिटांत ती बाहेर आली.

“काय म्हणले?”

“बसून ठरवतो म्हणले.”

“ठीक आहे. हे घे. पाणी पाज तिघांले.”

“बापू, इथं असं नसते.”

“पाणी सगळीकडं असते.”

उज्ज्वला हलली नाही. तेव्हा रूपसिंगांनी दारावरच्या तरुणाला हात जोडून विनंती केली की पंच उन्हाचे बसले आहेत, तेवढे पाणी देऊन येतो. तरुणाला त्यात काही गैर दिसले नाही. रूपसिंग आत गेले. त्यांनी तीन पेले भरले आणि दोन्ही हातांनी एकेकापुढे धरले. दोघा पंचांनी पेले घेतले आणि एका दमात पाणी संपवले. बाई कागदावर लिहीत होत्या. त्यांनी लेखणी खाली ठेवली, पेला घेतला, सावकाश प्याल्या आणि हसून म्हणाल्या, “अंकल, आपकी बेटी बहुत ईमानदार है.”

“जी,” रूपसिंग म्हणाले. 

बाहेर येऊन त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. “मिटलं. तिघंही पाणी प्याले. आता जेव.”

उज्ज्वला जेवायला बसली. तिने दोन घास खाल्लेही. तिसऱ्या घासाला दारावरचा तरुण बाहेर आला, फलकावरचा जुना कागद त्याने काढला आणि नवा लावला. उज्ज्वला उठून तेथे गेली. रूपसिंगांना नाव वाचता येत होते, म्हणून त्यांनीही तिसऱ्या ओळीवर तिचे नाव शोधले. तेथे अर्पिताचे नाव होते. चौथ्या ओळीवर उज्ज्वला नव्हती. पाचव्या ओळीवर नव्हती. सहाव्या ओळीवर होती, आणि पाचव्या फेरीच्या रकान्यात बाराचा आकडा होता.

“हे चुकून लावलं असन,” रूपसिंग म्हणाले. “मी विचारून येतो. पाणी प्याल्यावर असं करता येत नाही.”

“बापू,” उज्ज्वला म्हणाली, “त्या तिघांले तहान लागली होती.”

किसनराव तासाभराने परतले. त्यांना फलकासमोर उभे राहून काय घडले ते कळायला वेळ लागला नाही. ते नौदलात पंधरा वर्षे काढलेले, आवाज चढवणारे गृहस्थ. परंतु त्या वेळी ते अगदी हळू बोलले, आणि तेच रूपसिंगांना अधिक लागले.

“नायक, पाण्यावरची चूक पाण्यावरच मिटवायची असते. काठावर आल्यावर तिले माफी नसते. पंचांनी नियमाबाहेर काहीच केलं नाही. पण हे सांगायले मी होतो ना? एक तास थांबता आलं नाही तुम्हाले?”

“मुदत अर्ध्याच तासाची होती.”

“ती मुदत दुसऱ्यानं तक्रार करायची होती! तिनं स्वतःले फाशी द्यायची नोहे!”

रूपसिंग त्यांच्या पायांकडे पाहत राहिले. 

“तरी एक आशा आहे,” किसनराव उज्ज्वलाकडे वळून म्हणाले. “उद्या एक फेरी झाली की सहा होतात. सहा झाल्या की ही वाईट फेरी सुटते. मग तू पुन्हा तिसरी. एक फेरी फक्त.”

चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता अकराही जणी फळ्या लावून वाळूत बसल्या. समुद्र ताटासारखा सपाट होता. नऊ वाजले, दहा वाजले. पंचांच्या होडीवरचा झेंडा काठीला चिकटून लोंबत होता. उज्ज्वलाने चिमूटभर कोरडी वाळू उचलून बोटांतून सोडली. ती सरळ खाली पडली. तिने पुन्हा सोडली. रूपसिंगांनी जन्मात प्रथमच वाऱ्यासाठी सेवालाल महाराजांना हात जोडले. एरवी ते नेहमी पावसासाठी जोडीत. दोन वाजता होडीवरून भोंगा वाजला आणि उरलेल्या फेऱ्या रद्द झाल्याचे जाहीर करण्यात आले. पाच फेऱ्यांवर निकाल कायम झाला. चार वाजता, पदके वाटत असताना, नारळीच्या झावळ्या सळसळू लागल्या.

कार्यक्रम संपल्यावर अर्पिता गळ्यात पदक घालून उज्ज्वलाजवळ आली. मुलगी मनाने वाईट नव्हती. तिने उज्ज्वलाचा हात धरला.

“तू का सांगितलंस गं? त्याच बोयाला माझंही लागलं होतं. सगळ्यांचंच लागतं कधी ना कधी. कोण सांगतं?”

“मग तू बी सांग ना आता,” उज्ज्वला म्हणाली.

अर्पिताने हात सोडला. “वेडी आहेस का?” ती म्हणाली आणि आपल्या आईवडिलांकडे गेली.

परतीच्या प्रवासात उज्ज्वला रेल्वेच्या डब्यात वरच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. रूपसिंगांनी दोनदा चहा घेतला आणि दोनदा तो तसाच गार झाला. वर्धा जवळ आले तेव्हा ती खाली उतरली, केस बांधले आणि म्हणाली, “मले नियम माहीत होता, बापू. वाचेल होता. तरी मी तुमचं ऐकलं.” 

लालीबाईने सर्व ऐकून घेतले. तिने मुलीला पोटाशी धरले आणि नवऱ्याला म्हटले, “दुसऱ्याच्या नसाबात आपला गडवा घेऊन कोन जाते?” नेमसिंग भेटायला आला. आपण नेहमीसारखी थट्टा केली तर वातावरण हलके होईल असे त्याला वाटले असावे. तो म्हणाला, “नायक, समुद्राचं पाणी खारट असते म्हणतात. पंचांले तेच पाजलं काय?” कोणी हसले नाही. नेमसिंग आपली चप्पल शोधू लागला.

बारा दिवसांतील चार दिवस प्रवासात आणि विश्रांतीत गेले होते. पाचव्या दिवशी एका वर्तमानपत्रात बातमी आली. किसनरावांच्या ओळखीच्या वार्ताहराने ती दिली होती. ‘यवतमाळच्या कन्येचा अतुलनीय प्रामाणिकपणा’ असा मथळा होता आणि उज्ज्वलाचा फोटो होता. रूपसिंगांनी ते कात्रण कापून प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि कोणाला न सांगता यवतमाळला जाऊन भरतीच्या कार्यालयात दाखवले. खिडकीतील बाबूने त्यांना बसायला सांगितले आणि कात्रण पहिल्यापासून शेवटपर्यंत शांतपणे वाचले.

“फार चांगली गोष्ट आहे, नायक,” तो म्हणाला. “आमच्या मुलांनाही वाचायला देतो मी. पण यात क्रमांक सहावा आहे.”

“तिसरी होती. तिनं खरं सांगतलं म्हणून सहावी झाली. तेच तं छापलं आहे.”

“होय. पण अर्जात क्रमांकाचा रकाना आहे. खऱ्याचा रकाना नाही हो. मी तरी काय करू?”

मुदत संपली. अर्ज भरला गेला नाही. उज्ज्वलाने धरणावर जाणे बंद केले. किसनराव दोनदा बोलवायला आले, तिसऱ्यांदा आले नाहीत. वणीला कोळशाच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर एका खाजगी मालकाकडे पावत्या लिहिण्याचे काम निघाले होते. मामाच्या ओळखीने ते तिला मिळाले. तिकडेच ती एका मैत्रिणीसोबत खोली घेऊन राहू लागली. आईला ती रोज फोन करते. “बापू कसे आहेत?” असेही विचारते. फोन त्यांच्या हातात देऊ का म्हटले, की ट्रक आला आहे असे सांगते.

नसाब अजून बसते. रूपसिंगही बसतात. परंतु निवाडा द्यायची वेळ आली की ते शेजारच्याकडे पाहतात आणि “तुम्हीच बोला” असे म्हणतात.

मागील हिवाळ्यात नेरच्या एका शाळेने रूपसिंगांचा सत्कार ठरवला. मुलीला असे संस्कार देणारा पिता विद्यार्थ्यांनी पाहावा, असा त्यामागे शिक्षकांचा हेतू होता. उज्ज्वलालाही निमंत्रण होते. तिने आईजवळ निरोप दिला की रजा मिळत नाही. रूपसिंग जाणार नव्हते. परंतु मुख्याध्यापक तांड्यापर्यंत आले, घोंगडीवर बसले, आणि घरी आलेल्या माणसाला नाही म्हणणे त्यांना जमले नाही.

शाळेच्या पटांगणात पाचशे मुले रांगेने बसली होती. शाल, नारळ आणि चौकटीत बसवलेले सन्मानपत्र रूपसिंगांना देण्यात आले. त्या पत्रावर त्यांचे नाव सोनेरी अक्षरांत छापले होते. मुख्याध्यापकांनी त्यांना दोन शब्द बोलण्याची विनंती केली. ध्वनिवर्धकासमोर उभे राहण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी घसा साफ केला आणि समोरच्या रांगेतील मुलांच्या बुटांकडे पाहून ते बोलले.

“लेकरं हो, हा सत्कार मले नाही पायजे. पोरीनं नऊ वर्ष मेहनत केली. तिचं अर्ध्या तासात वाटोळं मी केलं. मले तिथला कायदा माहीत नव्हता, अन् माहीत नाही हे बी माहीत नव्हतं. तिले माहीत होता. तिनं बापाचं ऐकलं. तिनं ऐकाले नोको होतं. मी चुकलो. हे मी आज पाचशे जणांसमोर सांगून राह्यलो.”

ते थांबले.  मग मुख्याध्यापकांनी टाळी वाजवली, शिक्षकांनी वाजवली, आणि पाठोपाठ पाचशे मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तो बराच वेळ चालला. रूपसिंगांनी हात वर करून तो थांबवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तो आणखी वाढला. “किती हा विनय!” असे मुख्याध्यापक ध्वनिवर्धकावरून म्हणाले. एका शिक्षिकेने पदराने डोळे पुसले.

परतीच्या बसमध्ये त्याच शाळेतील एक शिक्षक त्यांच्यासोबत होते. रूपसिंगांनी शाल घडी करून पिशवीत घातली होती, परंतु चौकट पिशवीत मावत नव्हती, म्हणून ती मांडीवर धरावी लागली. समोरच्या बाकावरील एका प्रवाशाने ती वाचली. शिक्षकांनी त्याला उत्साहाने सर्व हकीकत सांगितली.

“वा!” प्रवासी म्हणाला. “अशी पोरगी मोठ्या जागेवर पोचलीच असन. कुठं आहे आता?”

“वणीले,” रूपसिंग म्हणाले.

“सायब झाली?”

“वजनकाट्यावर आहे. ट्रकाच्या पावत्या लिहिते.”

प्रवाशाने मान डोलावली. “चांगलं आहे,” तो म्हणाला, आणि खिडकीची काच सरकवून बाहेर पाहू लागला.